न छेडता वाजणारी तार: मेंदूशी बिनतारी बोलणारी यंत्रं

भाचीची वेणी घालायची म्हणजे आधी तिच्या डाव्या कानामागची चकती काढून ठेवावी लागते. दहा रुपयांच्या नाण्याहून थोडी मोठी, चपटी, लोहचुंबकाच्या जोरावर डोक्याला चिकटलेली. ती काढली की पोरीला काहीच ऐकू येत नाही. मग मी आरशात बघून ओठ हलवते, "मान हलवू नकोस, झालंच." शेवटचा पेड पडला, रबर लागलं की ती स्वतःच चकती उचलते, केसांत बोट घालून जागा चाचपते आणि टक् करून बसवते. त्या क्षणी तिचा चेहरा बदलतो. बाहेरची रिक्षा, आतला कुकर, आजीचं पुटपुटणं, सगळं एकदम तिच्याकडे परत येतं.

मी सांगलीत डिप्लोमाच्या मुलांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. हल्ली वर्गात एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, मेंदूत चिप बसवतात म्हणे. मग मनातलं सगळं बाहेर कळणार का?" विचारणाऱ्याच्या आवाजात कुतूहल असतं आणि थोडी भीतीही असते. मी आधी भाचीच्या चकतीबद्दल सांगते. नसांशी वायरशिवाय बोलणारं यंत्र ताईच्या मिरजेतल्या घरी रोज रात्री फ्रीजशेजारच्या प्लगवर चार्जिंगला लागलेलं असतं. ते कसं चालतं हे एकदा उमगलं की मेंदूतल्या चिपमध्ये अवघड काय आहे तेही दिसायला लागतं. माझ्या मते ते अवघड वीज, उष्णता, गोंगाट आणि खारं पाणी या चार गोष्टींत आहे. म्हणजे आम्हा इलेक्ट्रिकलवाल्यांच्या रोजच्या कामात.

भाचीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. आवाज मोठा करून देणारं श्रवणयंत्र तिच्या उपयोगाचं नव्हतं, कारण तिचा बिघाड त्याच्याही पुढे होता. आतल्या कानात शंखासारखी वेटोळी नळी असते, तिला कॉक्लिया म्हणतात. तिच्यात पंधरा हजारांच्या आसपास केसाळ पेशी असतात आणि आवाजाच्या थरथरीचा विजेचा इशारा त्याच बनवतात. भाचीच्या या पेशी कामच करत नव्हत्या, पण त्यांच्या मागची, मेंदूकडे जाणारी नस शाबूत होती. म्हणजे मोटर ठीक, वायरिंग ठीक, मधला स्विच तेवढा गेलेला. डॉक्टरांनी तो स्विच ओलांडून सरळ नसेला जोडणी दिली. शंखाच्या वेटोळ्यात एक बारीक लवचिक तार सरकवली. अशा तारेवर प्लॅटिनमचे बिंदू असतात, कंपनीनुसार बारापासून बावीसपर्यंत. बाहेरचा माइक आवाज पकडतो, कानावरचा प्रोसेसर त्यातले जाड-बारीक सूर वेगळे करतो आणि कुठल्या बिंदूवर किती वीज द्यायची ते ठरवतो.

ही तार वेटोळ्यात न मोडता सरकवायची कशी, हा सुरुवातीला मोठाच पेच होता. ऑस्ट्रेलियातले डॉक्टर ग्रॅम क्लार्क 1977 साली समुद्रकिनारी सुट्टीवर असताना त्यांनी एका शंखात गवताची पात घालून पाहिली. टोकाला मऊ आणि बुडाशी ताठ असलेली पात वळणावळणाने आत गेली. पुढच्याच वर्षी मेलबर्नमध्ये त्यांनी अनेक बिंदूंचं इम्प्लांट पहिल्या रुग्णाला बसवलं.

पंधरा हजार पेशींचं काम वीस-बावीस बिंदूंनी करायचं, म्हणजे मेंदूला नव्याने शिकावंच लागतं. सुरुवातीला भाचीला माझी हाक आणि दार आपटल्याचा आवाज सारखाच वाटायचा. स्पीच थेरपीच्या ताईंनी वर्षभर तिच्याकडून डबा, वाटी, पाणी, आई असे एकेक शब्द घोटून घेतले. यंत्र बसवलं म्हणजे काम झालं असं समजून थेरपी सोडणारी घरं मी पाहिली आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहिते आहे. केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून लहान मुलांना ही शस्त्रक्रिया मिळू शकते आणि त्यासाठीची मुख्य संस्था मुंबईतली अली यावर जंग संस्था आहे. मूल जितकं लहान, तितका मेंदू लवकर शिकतो.

आता खरी गंमत. कातडीखाली जो भाग बसवला आहे, त्यात सेल नाही. बॅटरी फक्त बाहेर, कानावर. आणि कातडीला भोकही नाही. मग आत वीज जाते कशी?

याचं उत्तर मुलांना फळ्यावर सांगण्यापेक्षा मी त्यांना मिरजेत सतारी बनवणाऱ्यांच्या गल्लीत घेऊन जाते. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण ही कारागिरी त्याच्या कितीतरी पिढ्या आधीपासूनची. दुकानात पंढरपूरकडून आलेले वाळलेले भोपळे छताला टांगलेले होते, पॉलिशचा वास भरून राहिला होता. सतार बनवणाऱ्या चाचांनी एक सतार मांडीवर घेतली. वरच्या तारांच्या खाली, पडद्यांच्या पोटातून जाणाऱ्या बारीक तारा म्हणजे तरफा. त्यातल्या एका तारेवर त्यांनी वहीच्या कागदाची इवलीशी घडी बसवली आणि वरच्या तारेवर सा छेडला. तरफेच्या तारेला कुणी हात लावला नव्हता, तरी कागद थरथरला आणि खाली पडला. मग चाचांनी तरफेची खुंटी जराशी पिळली, कागद पुन्हा ठेवला, पुन्हा तोच सा छेडला. कागद जागचा हलला नाही.

"सूर जुळला तरच ती बोलते, पोरांनो," चाचा म्हणाले.

भाचीच्या डोक्यावर नेमकं हेच होतं. बाहेरच्या चकतीत तांब्याच्या तारेची गुंडाळी आहे आणि कातडीखाली तशीच दुसरी गुंडाळी. बाहेरच्या गुंडाळीतून सेकंदाला लाखो वेळा दिशा बदलणारी वीज सोडली की तिच्याभोवतीचं चुंबकीय क्षेत्र तितक्याच वेगाने फुगतं-आकसतं आणि आतल्या गुंडाळीत वीज उभी राहते. कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून परत सोडणारा छोटा भाग, लावून दोन्ही गुंडाळ्यांचा सूर एकच केला, तर थोड्या ताकदीत भरपूर वीज पलीकडे जाते. सतारीत तार हवेतून आणि लाकडातून बोलते, इथे चुंबकीय क्षेत्रातून, एवढाच फरक. त्याच लाटेत बारीक चढउतार करून आवाजाची माहितीही पाठवली जाते. दोन गुंडाळ्या समोरासमोर राहाव्यात म्हणून लोहचुंबक. दोरीवरच्या उड्या मारताना चकती बोटभर सरकली की भाचीचा आवाज तुटतो आणि ती थांबून चकती जागेवर आणते.

इथवर आपण मज्जासंस्थेत वीज आत पाठवली. मेंदूकडून ऐकून घेणं हे त्याहून फार कठीण काम.

कुणाला हवं आहे ते? आमच्या भागात उसाच्या ट्रॉलीवरून, नारळाच्या झाडावरून पडून, विहिरीत उडी मारताना मान मोडून अंथरुणाला खिळलेली माणसं गावोगाव आहेत. त्यांच्या मेंदूत 'हात उचल' हा हुकूम अजूनही निघतो. मणक्यातला नसांचा दोर तुटल्यामुळे तो हातापर्यंत पोचत नाही. हुकूम निघतो तिथेच तो पकडून संगणकाला दिला, तर त्या माणसाला निदान कर्सर हलवता येईल, निरोप लिहिता येईल, दिवा लावता येईल.

पण तो हुकूम किती बारीक आवाजात असतो ते पाहा. मेंदूतली पेशी शांत असते तेव्हा तिच्या आतलं व्होल्टेज बाहेरच्यापेक्षा सुमारे 70 मिलिव्होल्टने कमी असतं. इशारा द्यायची वेळ आली की पेशीच्या भिंतीतली दारं उघडतात, सोडियमचे कण आत घुसतात आणि सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागात व्होल्टेज उसळून परत खाली येतं. ही यंत्रणा हॉजकिन आणि हक्सली या दोघांनी माकूळ माशाच्या जाड नसेवर प्रयोग करून 1952 साली उलगडून दाखवली आणि 1963 साली त्यासाठी त्यांना नोबेल मिळालं. हे ठोके ऐकायला मेंदूत टोचलेली आपली सुई मात्र पेशीच्या बाहेर, शेजारी असते. तिच्यापर्यंत पोचतो तो जेमतेम 100 मायक्रोव्होल्टच्या घरातला ठोका. रिमोटमधल्या पेन्सिल सेलच्या दीड व्होल्टचा हा पंधरा हजारावा भाग. घरातले 230 व्होल्ट त्याच्या तेवीस लाख पट.

आमच्या प्रयोगशाळेत मुलं पहिल्यांदा ईसीजी घेतात तेव्हा पडद्यावर हृदय दिसतच नाही. दिसते ती एक जाडजूड लाट, सेकंदाला 50 वेळा वरखाली होणारी. ट्यूबलाइट, पंखा, भिंतीतली वायरिंग, सगळ्यांची मिळून. हृदयाचा ठोका मिलिव्होल्टचा, तरी ही गत. मेंदूचा ठोका त्याच्याही दहाव्या हिश्शाचा. उपाय मात्र दोन्हीकडे तोच आहे. दोन तारा जवळजवळ ठेवायच्या. बाहेरचा गोंगाट दोघींवर सारखाच पडतो, पेशीचा ठोका मात्र एकीला जास्त ऐकू येतो. दोघींची वजाबाकी केली की गोंगाट गळतो आणि ठोका उरतो. ही वजाबाकी करून बारीक इशारा मोठा करणारा अ‍ॅम्प्लिफायर, तोही स्वतःची खरखर न घालणारा आणि वीज जवळपास न खाणारा, हा या क्षेत्रातला पाया आहे. मी मुलांना वजाबाकीचं गणित दोन तास शिकवते आणि ते तास मला कधीच कमी करावेसे वाटले नाहीत.

मेंदूचे ठोके पकडायला अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात रिचर्ड नॉर्मन यांनी शंभर सुयांची एक गादी तयार केली. चार मिलिमीटर लांब-रुंद, मुंगीने डोक्यावर घ्यावी एवढी. 2004 साली ब्रेनगेट या प्रकल्पात मानेखाली लुळा पडलेल्या मॅट नेगल या तरुणाच्या मेंदूत ती बसवली आणि केवळ हात हलवण्याचा विचार करून त्याने संगणकाचा कर्सर हलवला. पण सुयांच्या तारा कवटीतून बाहेर आलेल्या एका धातूच्या खुंटाला जोडलेल्या होत्या. प्रत्येक वेळी तंत्रज्ञ यायचा, खुंटाला केबल लावायचा, केबल मोठ्या यंत्राला. कातडीतून बाहेर आलेला खुंट म्हणजे जंतुसंसर्गाला उघडं दार, आणि माणूस केबलच्या लांबीएवढाच मोकळा. 2021 साली ब्रेनगेटच्याच गटाने तो खुंट ठेवून केबलच्या जागी चाळीसेक ग्रॅमचा बिनतारी ट्रान्समीटर लावला. दोन रुग्णांनी तो घरच्या घरी वापरला आणि चोवीस तासांपर्यंत सलग नोंद घेता आली. दिसायला छोटं पाऊल. पण रुग्ण रात्री झोपला असताना त्याचा मेंदू काय करतो हे त्यामुळे त्याच्या घरीच नोंदता आलं.

पुढची पायरी खुंटही काढून टाकायची. सगळं कातडीच्या आत. आणि इथे तीन अडचणी एकमेकींत पाय अडकवून उभ्या राहतात.

पहिली उष्णतेची. फोन चार्जिंगला लावून व्हिडिओ पाहिला की तो हातात गरम लागतो, ठेवून देता येतो. डोक्यातलं यंत्र ठेवून देता येत नाही. शरीरात बसवायच्या यंत्राचा पृष्ठभाग शरीरापेक्षा 2 अंशांहून जास्त तापू नये असं आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि मेंदूजवळ तर डिझाइन करणारे एकाच अंशावर थांबायला बघतात. म्हणजे चिपला खायला वीज अगदी मोजकी.

दुसरी माहितीची. समजा 1024 बिंदू आहेत, प्रत्येकाचं व्होल्टेज सेकंदाला वीस हजार वेळा मोजायचं आणि दर मोजणीचे दहा बिट. सेकंदाला वीस कोटी बिट झाले. कमी वीज खाणारं ब्लूटूथ उत्तमात उत्तम परिस्थितीत वीस लाख बिट नेतं. शंभर पटींची तूट. तेव्हा सगळं पाठवायचंच नाही. आमच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे निघतात तेव्हा कोण किती ओरडला हे दिवाणजी लिहीत बसत नाही. बोली तुटली की भाव आणि नाव, एवढंच वहीत. चिपसुद्धा तसंच करते. लाट फेकून देते आणि 'अमुक बिंदूवर आत्ता ठोका पडला' एवढीच नोंद बाहेर धाडते. मात्र ठोका कोणता आणि खरखर कोणती हे ठरवण्याचं काम आता डोक्याच्या आतल्या चिपवर पडलं आणि त्यासाठी पुन्हा वीज लागली. म्हणजे पहिली अडचण परत दारात.

तिसरी, उत्तर पाठवण्याची. रेडिओ लहर तयार करायला बरीच वीज जाते. यावरची युक्ती आपल्या गाडीच्या काचेवर चिकटलेली आहे. सांगलीहून पुण्याला निघालो की कराडच्या पुढे तासवड्याला, मग आनेवाडीला टोलनाका लागतो. फास्टॅगमध्ये सेल नसतो. नाक्यावरचा रीडर त्याच्यावर रेडिओ लहर टाकतो, त्याच लहरीतून फास्टॅगची चिप पोटापुरती वीज घेते आणि तीच लहर कमी-जास्त परतवून आपला नंबर सांगते. स्वतः हाक मारायची नाही, दुसऱ्याच्या हाकेचा प्रतिध्वनी बदलायचा. उन्हात आरसा हलवून मित्राला खूण करतो ना, तसं. सूर्य आपला नाही, हालचाल तेवढी आपली.

हे तिन्ही धागे एकत्र ओवणाऱ्यांपैकी एक रिकी मुलर. शिक्षणाने इलेक्ट्रिकल इंजिनिअर. अमेरिकेतल्या एमआयटीत शिकल्या, अ‍ॅनालॉग डिव्हायसेस कंपनीत चिप डिझाइन केल्या, मग नोकरी सोडून कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात पीएचडीला आल्या. त्यांच्या गटाने सुया टोचण्याऐवजी मेंदूवर नुसतं अंथरता येईल असं 64 बिंदूंचं पातळ पटल बनवलं. वीज बाहेरून बिनतारी, उत्तर फास्टॅगसारखं परावर्तनाने. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या त्या कामात चिप सगळी मिळून 225 मायक्रोवॅट वीज घेत होती. साधा 10 वॅटचा फोन चार्जर जेवढी वीज देतो, तेवढ्यात अशा चव्वेचाळीस हजार चिपा चालतील. मी हा आकडा वर्गात सांगते तेव्हा मुलं स्वतः भागाकार करून बघतात, आणि करूनच बघावा.

मुलर 2013 साली कोर्टेरा न्यूरोटेक्नॉलॉजीज या कंपनीच्या सहसंस्थापक झाल्या. पुढे बर्कलीत प्राध्यापक म्हणून त्यांच्या गटाने 2018 च्या अखेरीस वँड नावाचं 128 बिंदूंचं बिनतारी यंत्र जाहीर केलं, त्यातल्या चिपा कोर्टेराच्या. माकडांवर तपासलेल्या या यंत्राचं वैशिष्ट्य असं की ते मेंदूला विजेचे झटके देत असतानाच त्याचे इशारे ऐकू शकतं. लाउडस्पीकरच्या तोंडाशी उभं राहून शेजारच्याची कुजबुज ऐकण्यासारखं हे काम आहे, कारण झटका व्होल्टमध्ये आणि इशारा मायक्रोव्होल्टमध्ये. अपस्मार किंवा कंपवातात झटका कधी द्यायचा आणि कधी थांबवायचा हे यंत्रालाच कळावं, ही त्यामागची आशा.

बर्कलीतच डी. जे. सिओ या विद्यार्थ्याने आणि त्याच्या प्राध्यापकांनी रेडिओऐवजी सोनोग्राफीतल्या ध्वनिलहरी वापरून काही मिलिमीटरचं 'न्यूरल डस्ट' बनवलं आणि 2016 साली उंदरांत चालवून दाखवलं. शरीर म्हणजे बहुतांश पाणीच, त्यात ध्वनिलहर छान जाते. सिओ पुढे मेंदूत बसवायची चिप बनवणाऱ्या न्यूरालिंक कंपनीच्या संस्थापकांपैकी एक झाले. न्यूरालिंकने जानेवारी 2024 मध्ये नोलंड आर्बॉ या पोहताना जायबंदी झालेल्या तरुणाला 64 धाग्यांवरचे 1024 बिंदू बसवले. सगळं कातडीआड, बॅटरी बिनतारी चार्ज होणारी. काही आठवड्यांत बरेच धागे मेंदूतून मागे सरकले. मेंदू खरवसासारखा मऊ आणि नाडीबरोबर हलणारा, त्यात उपरी वस्तू जागेवर राहणं सोपं नाही. इंजिनिअरांनी उरलेल्या बिंदूंवरून इशारे वाचण्याची पद्धत बदलली आणि तो पुन्हा कर्सर हलवू लागला. सिंक्रॉन ही कंपनी तर कवटी उघडतच नाही. मानेतल्या शिरेतून, हृदयात स्टेंट सरकवतात तशी, 16 बिंदूंची जाळी मेंदूवरच्या मोठ्या शिरेत नेऊन ठेवते.

मुलांच्या त्या प्रश्नाकडे येते. मेंदूत सुमारे 8600 कोटी चेतापेशी. आपण कान लावतो तो हजारभर जागांवर, तोही हालचालीचे हुकूम देणाऱ्या काही मिलिमीटरच्या पट्ट्यावर. तिथे काय चाललं आहे हे यंत्राला आपोआप कळत नाही. रुग्णाला सांगतात, हात उजवीकडे नेतोय असं मनात आण, आता डावीकडे. त्या वेळच्या ठोक्यांचा नमुना संगणक टिपतो आणि पुढे ओळखतो. रुग्णाने मन लावून साथ दिली नाही तर यंत्र मुकं आहे. बोलू पाहणाऱ्यांचे शब्द वाचण्याचं संशोधनही वेगाने चालू आहे, म्हणून ही माहिती कुणाची आणि कुणाच्या ताब्यात, हे कायद्यात आताच ठरलं पाहिजे असं मला ठामपणे वाटतं.

इंजिनिअराने कंपनी का काढायची, प्रयोगशाळेत शोध लावून थांबलं तर काय बिघडतं? प्रबंधातलं यंत्र काही महिने चाललं तरी पदवी मिळते. माणसाच्या डोक्यातलं यंत्र वर्षानुवर्षं चाललं पाहिजे. आमच्याकडचा कुठलाही शेतकरी सांगेल की विहिरीतली पाणबुडी मोटर का जळते. सील गेलं, पाणी आत शिरलं, वाइंडिंग गेलं. शरीर तर खाऱ्या पाण्याची विहीर, आणि मोटर वर काढायची म्हणजे डोक्याची शस्त्रक्रिया. म्हणून टायटॅनियमची पेटी, सिरॅमिकमधून बाहेर आणलेल्या प्लॅटिनमच्या तारा, एकेक जोड तपासून घेतलेला. त्यातही धातूच्या पेटीतून चुंबकीय लहर नीट जात नाही, म्हणून गुंडाळी पेटीबाहेर सिलिकॉनमध्ये ठेवावी लागते. असं एक यंत्र हाताने बनतं. हजार सारखी यंत्रं बनवायला कारखाना लागतो, मग चाचण्या, परवानग्या, आणि वीस वर्षांनी फोन उचलणारा माणूस. भारतात 2017 च्या वैद्यकीय उपकरण नियमांत उपकरणांचे अ ते ड असे चार जोखीम-वर्ग आहेत आणि मेंदूतलं इम्प्लांट सगळ्यात वरच्या ड वर्गात मोडतं. सुरुवातीच्या कल्पनेसाठी बायरॅक या केंद्र सरकारच्या संस्थेचं 50 लाखांपर्यंतचं बिग अनुदान असतं. ते प्रयोगाला पुरतं, चाचण्यांना नाही.

या वाटेवरून आधी गेलेल्यांमध्ये मला अर्ल बाकन फार जवळचे वाटतात. मिनियापोलिसमध्ये 1949 साली गॅरेजमध्ये त्यांनी मेडट्रॉनिक सुरू केली, ती इस्पितळांची यंत्रं दुरुस्त करायला. त्या काळी पेसमेकर भिंतीच्या प्लगवर चालायचा. 31 ऑक्टोबर 1957 ला शहराची वीज गेली आणि पेसमेकरवर असलेलं एक बाळ दगावलं. सर्जन लिलेहाय यांनी बाकनना विचारलं, बॅटरीवर चालणारा करून देता का? बाकननी एका मासिकातल्या मेट्रोनोमच्या, म्हणजे तालाचे ठोके देणाऱ्या यंत्राच्या, आकृतीवरून चारेक आठवड्यांत गळ्यात अडकवता येईल असा ट्रान्झिस्टरचा पेसमेकर बनवला. वीज जाणं म्हणजे काय हे आपल्याला कुणी सांगायला नको. आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करही मुंबईच्या व्हीजेटीआयमधले शिक्षकच होते. लोखंडी नांगराने जमीन बिघडते असं मानणाऱ्या शेतकऱ्यांना ते नांगर विकत राहिले आणि 1910 साली आत्ताच्या पलूस तालुक्यात किर्लोस्करवाडी उभी केली. वस्तू चांगली असणं आणि माणसांनी ती घरात घेणं यांच्यामध्ये बरीच वर्षं असतात.

आणि कंपनीच बंद पडली तर? हे झालेलं आहे. सेकंड साइट या अमेरिकन कंपनीने अंध माणसांसाठी डोळ्यात बसवायचं आर्गस टू नावाचं यंत्र काढलं, साडेतीनशेहून अधिक लोकांना ते बसवलं. 2019 मध्ये उत्पादन थांबवलं, 2020 मध्ये कंपनी बुडायला आली. यंत्र लोकांच्या डोळ्यांत तसंच, सुटे भाग नाहीत, दुरुस्ती नाही. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगते, मेंदूचं यंत्र बनवायला निघालात तर पहिल्या रुग्णाच्या आधी दोन गोष्टी लिहून ठेवा: कंपनी उरली नाही तर नकाशे आणि प्रोग्राम कुणाला मिळणार, आणि सुटे भाग किती वर्षं मिळणार.

आमच्या घरी हे लहान प्रमाणात अनुभवून झालं आहे. गेल्या पावसाळ्यात चकतीची केबल तुटली. बोटभर लांबीची एक वायर. विक्रेत्याकडे फोन केला की 'मागवली आहे, ताई' एवढंच उत्तर. अकरा दिवस भाची शाळेत गेली आणि पहिल्या बाकावर बसून बाईंचे ओठ वाचत राहिली. डोक्यातलं यंत्र ठणठणीत, नस ठणठणीत. बाराव्या दिवशी केबल आली. तेव्हापासून ताईच्या घरी एक जादा केबल कायम असते, भाचीच्या दप्तराच्या आतल्या कप्प्यात.

लोखंडी कपाटात रेशनकार्डाशेजारी एक लॅमिनेट केलेलं कार्ड आहे. त्यावर इम्प्लांटचं मॉडेल, अनुक्रमांक, शस्त्रक्रियेची तारीख. परवा भाचीने ते मागून घेतलं, माझ्यासमोर बसून अनुक्रमांक तीनदा वाचला आणि मग कार्ड उलटं ठेवून म्हणाली, "मावशी, आता न बघता म्हणते. तू तपास."